मुलीला खो-खोच्या सामन्यात उतरायचं नाही, आणि तिच्याशिवाय संघात नऊ जणी होत नाहीत

संथवाहिनी

नमस्कार मंडळी. घाईत धागा काढतेय, कारण सामना शनिवारी आहे.

लेक आठवीत आहे, तेरा वर्षांची. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरामागच्या मोकळ्या मैदानावर रोज संध्याकाळी पोरं पकडापकडी खेळतात. त्यात ती कुणालाच सापडत नाही, तिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलांनाही नाही. शाळेच्या क्रीडा शिक्षकांनी हे कुठंतरी बघितलं आणि १४ वर्षांखालील मुलींच्या खो-खो संघात बारावं नाव म्हणून तिला घालून ठेवलं. सरावाला ती अधूनमधून जायची. पळायला सांगितलं की पळायची, बाकी वेळ पाण्याच्या बाटल्यांपाशी बसून राहायची.

आता शाळा जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आहे. जिंकणारा संघ कोल्हापूर विभागाच्या स्पर्धेला जाणार. आणि नेमका एका मुलीचा घोटा मुरगळलाय, एक डेंग्यूनं झोपलीय, तिसरीच्या घरात वाईट घटना घडल्यामुळे ती गावी गेलीय. राहिल्या नऊ. त्या नऊत माझी लेक आली.

ती म्हणते, "मी नाही खेळणार." कारण विचारलं तर गप्प. दोन घास खाऊन ताटावरून उठते. वर्गातल्या मुलींचे निरोप माझ्या फोनवर येतायत: तू नाही आलीस तर आमचं वर्षभराचं वाया जाईल. तिचे बाबा म्हणतात पाठवायचीच. सासूबाई म्हणतात, पोरगी नको म्हणते तर नको. दोघांचंही मला पटतं, हीच अडचण आहे.

ढकलू का? आणि ढकलायचं तर कुठवर?

मिरजवाला

पाठवा. एकदा चुन्याच्या रेषेच्या आत पाय पडला की पोरांचं डोकं दुसरं काही बघत नाही.

द्राक्षबाग

ताई, मी उलटं सांगतो. माझा मुलगा कबड्डीत चांगला होता. चढाई बघावी तर त्याची. किशोर गटात तेव्हा वजनाची मर्यादा ५५ किलो होती. हा दीडेक किलो वर होता. निवड चाचणीच्या आधी प्रशिक्षकांनी त्याला रात्रीचं जेवण बंद करायला लावलं, स्वेटर घालून पळायला लावलं. तो नको म्हणत होता. सगळे म्हणत होते, संघाचा प्रश्न आहे. चाचणीत तो चक्कर येऊन बसला. त्यानंतर त्यानं मैदानाकडं पाठ फिरवली ती आजतागायत. आता तो कॉलेजात आहे. गल्लीत पोरं कबड्डी खेळायला लागली की हा खिडकी लावून घेतो.

एका स्पर्धेसाठी पोराचा सगळा खेळ गेला. "संघाचा प्रश्न आहे" हे वाक्य तेरा वर्षांच्या मुलीवर टाकायचं नसतं. संघ मोठ्यांनी बांधायचा असतो. तीन मुली एकदम कमी होऊ शकतात, याची तयारी ठेवणं हे त्या मुलीचं काम नव्हतं.

मिरजवाला

द्राक्षबाग, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण उपाशी ठेवणं वेगळं आणि जरा धीर देऊन मैदानात पाठवणं वेगळं. दोन्हीला एकच काठी लावू नका.

जुना खांब

मी पलूस तालुक्यात क्रीडा शिक्षक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण संध्याकाळी मैदानावर असतोच.

संथवाहिनी ताई, ढकलू की नको हा पुढचा प्रश्न. आधी बघा, ती नेमकं कशाला नको म्हणतेय. "नाही खेळणार" एवढंच मूल बोलतं. पोटात काहीतरी एक बारीक गोष्ट असते.

तुम्हीच लिहिलंय की ती पळायला घाबरत नाही. पण खो-खो म्हणजे नुसतं पळणं नव्हे. एका डावात संघ एकदा पळतो आणि एकदा पाठलाग करतो, असे दोन डाव. पळताना तीन-तीनच्या तुकडीनं आत जायचं. पाठलागाला मात्र नऊच्या नऊ जणी लागतात. आठ जणी मधल्या पट्टीवरच्या चौकोनात, शेजारणीच्या उलट तोंड करून बसतात, नववी पळते. जिला पळायचं माहीत आहे तिला बसायचं माहीत असतंच असं नाही. बसल्या जागी खो मिळायच्या आधी उठली की फाऊल. पाठलाग करताना एकदा दिशा धरली की मागं वळता येत नाही, खांबाला वळसा घातल्यावरच दिशा बदलते. पळणारणीला मधल्या पट्टीतून कुठूनही आरपार जाता येतं, पाठलाग करणारीला नाही. पकडापकडीत मनासारखं पळणाऱ्या मुलीला ही बंधनं अंगावर येतात. तिला सगळ्या गावासमोर शिट्टी ऐकायची नसते.

शिवाय आणखीही असू शकतं. पहिल्यांदा बाद होण्याची भीती, पडण्याची भीती, संघातल्या एखाद्या मुलीशी बिनसलेलं असणं. माझ्याकडं एक मुलगी होती, ती केवळ खांबापाशी बसायला नको म्हणून सामना टाळायची. आदल्या वर्षी पाठलाग करणाऱ्या मुलीनं खांबावरून सूर मारला होता आणि ती हिच्या अंगावर आली होती. आम्ही तिला मधल्या चौकोनात बसवली. नंतर ती तीन वर्षं खेळली.

विचारा. पण "का नको?" असं नका विचारू. "पळायला भीती वाटते का बसायला?" असं विचारा.

आयुष्मती

सरांनी छान लिहिलंय. एक गोष्ट सर लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. मुलगी तेरा वर्षांची आहे. पाळी सुरू झाली असेल तर शनिवारची तारीख बघा. आणि सामन्याचे कपडे कसे आहेत तेही बघा. आमच्या वेळी कराडला जिल्ह्याच्या स्पर्धेत अर्ध्या मुली त्या तोकड्या चड्डीमुळे आतून आखडलेल्या असायच्या. खो-खोत उकिडवं बसायचं, सूर मारायचा, मैदानाभोवती पोरांची गर्दी. आतून लांब टाइट्स घालायला आता कुणी अडवत नाही. शाळेच्या सरांना स्पष्ट विचारून घ्या. कित्येक मुलींचं "मला खेळ आवडत नाही" इथंच सुरू होतं, आणि घरात कुणी त्याचा उच्चार करत नाही.

माणदेशी

आमच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर शाळेत असताना खो-खोच खेळायच्या. नंतर पळायला लागल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. दुष्काळी गावातल्या शाळेच्या मैदानावरून तिथवर. कुणाच्या पायात काय आहे ते उतरल्याशिवाय कळत नाही, म्हणून म्हणतो, उतरू द्या.

हळदपेठ

साताऱ्यानं ललिताताई काढल्या म्हणून सांगली गप्प बसणार नाही. आमची स्मृती मानधना माधवनगरची. भावाला खेळताना बघून हातात बॅट घेतली, आणि नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात!

माणदेशी

घ्या, भडंग पण तुमचंच आणि क्रिकेट पण तुमचंच. पण खाशाबा जाधव आमच्या गोळेश्वरचे. १९५२, हेलसिंकी, कांस्य. यावर बोला.

हळदपेठ

खाशाबांपुढं काय बोलणार. सगळ्या महाराष्ट्राचे. पेढे पाठवा, विषय संपला.

गावभाग

ही नावं ऐकायला मला पण आवडतात, पण या धाग्यावर ती उपयोगाची नाहीत असं मला मनापासून वाटतं. स्मृतीनं बॅट स्वतःहून घेतली होती. खाशाबांना ऑलिंपिकला जायचंच होतं, त्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ज्याला जायचंय त्याच्यासाठी गाव उभं राहिलं, ही ती गोष्ट आहे. इथं ज्या मुलीला जायचं नाही तिच्यासमोर गाव उभं आहे.

स्पर्धापरीक्षा

व्यवहाराचं पण बघा. विभाग, राज्य असं वर गेलं तर प्रमाणपत्र मिळतं. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात. पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. माझ्या मावसभावाला खो-खोवरच नोकरी लागलीय. घरातल्या एका माणसाचं आयुष्य मार्गी लागलं, ही लहान गोष्ट नाही.

द्राक्षबाग

लहान नाहीच. पण नोकरीचं ओझं आठवीतल्या मुलीच्या डोक्यावर शनिवारी सकाळी ठेवू नका एवढंच म्हणतो.

संथवाहिनी

सगळ्यांचे आभार. सरांनी सांगितलं तसं विचारलं. आयुष्मती ताईंचा प्रश्न आधी विचारला. तारखेची अडचण नाही. कपड्यांची थोडी होती, ती सुटली. शाळेचे सर लगेच हो म्हणाले, आणखी दोन मुलींनीही टाइट्स घातल्या.

मग विचारलं, पळायला भीती वाटते का बसायला? बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ओरडायला."

मला कळेचना. मग तिनं सांगितलं. खो देताना मोठ्यानं "खो" म्हणावं लागतं. सरावात तिचा आवाज फुटला नाही, दोघी-तिघी हसल्या आणि सर म्हणाले, "अगं, जेवली नाहीस का?" सर चांगले आहेत, सहज बोलले असतील. पण ती तेव्हापासून पाठलागाच्या वेळी पाण्याच्या बाटल्यांपाशी जाऊन बसायला लागली. वर्गातही ती उत्तर येत असून हात वर करत नाही, हे मला माहीत होतं. त्याचा आणि खो-खोचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नव्हतं.

मिरजवाला

बघा! पोरगी वाऱ्यासारखी पळते आणि एका अक्षरापाशी अडते. हे सुटण्यासारखं आहे.

जुना खांब

ताई, तिला सांगा, ही अडचण तिची एकटीची नाही. दर वर्षी नव्या मुलींत एकदोघी निघतातच.

खो मागून द्यायचा असतो. हाताचा स्पर्श आणि आवाज एका वेळी. नुसता स्पर्श करून आवाज नाही केला तर पंचांना ऐकू येत नाही, फाऊल देतात. बसलेली मुलगी स्पर्श झाला म्हणून उठते आणि सगळा ताल बिघडतो. म्हणून आवाज लागतो.

पण तिला गळा ताणून ओरडायला लावू नका. पळून पळून दम लागलेला असतोच. तो श्वास सोडताना शब्द सोडायचा. हात पाठीवर पडला की आपोआप हवा बाहेर येते, त्या हवेत "खो" टाकायचा. घरात तुम्ही खाली बसा, तिला मागून पळत येऊन तुमच्या पाठीवर थाप मारायला लावा. आधी आवाज न करता, नुसता श्वास. मग श्वासाबरोबर शब्द. आणि ती हे करत असताना घरातल्या कुणीही हसायचं नाही, कौतुकानंसुद्धा नाही.

कृष्णाकाठ

घरात शेजारपाजाऱ्यांचा संकोच असेल तर हरिपूरला संगमावर न्या. सकाळी लवकर तिथं कुणी नसतं. कृष्णा-वारणेचं एवढं मोठं पाणी समोर असलं की पोरं आपोआप हाक घालतात. माझी धाकटी भाषणाच्या स्पर्धेआधी तिथंच जायची.

मिरजवाला

आणि सरांना सांगून तिला पळताना तिसऱ्या तुकडीत टाका. पहिल्या दोन तुकड्या टिकल्या तर तिची पाळी येणारच नाही.

जुना खांब

इथं माझं वेगळं मत आहे. तिसऱ्या तुकडीतली मुलगी बाहेर बसून एकेक गडी बाद होताना बघते आणि तिची भीती तिथंच वाढते. अन् ती आत जाते तेव्हा संघ अडचणीत असतो, म्हणजे सगळ्यांचे डोळे तिच्यावर. पहिल्या तुकडीत नवख्या मुलीला नको, दुसरीत टाका. बरोबर एक जाणती मुलगी द्या.

गावभाग

वर्गातल्या मुलींचे निरोप बंद करा आधी. सरांना फोन करून सांगा की संघाशी बोलणं तुम्हीच करा. तेरा वर्षांच्या मुली एकमेकींना जे लिहितात ते त्यांना स्वतःला नंतर आठवत नाही, पण जिला लिहिलं तिला आठवतं.

द्राक्षबाग

आणि सरांना आधीच विचारून ठेवा, ती शनिवारी सकाळी नको म्हणाली तर काय? त्याचं उत्तर "ठीक आहे" असेल तर पाठवा. नाही तर नको.

संथवाहिनी

सरांशी बोलले. "जेवली नाहीस का" हे आठवण करून दिल्यावर ते फोनवर थोडा वेळ गप्प झाले. निरोप थांबवतो म्हणाले, आणि थांबवले. दुसऱ्या तुकडीचं त्यांनाही पटलं. शनिवारी नको म्हणाली तर खालच्या वर्गातल्या एका मुलीला खेळवता येतं का, हे आयोजकांना विचारतो, नाहीच जमलं तर पुढं चाल देऊ, पण तिला कुणी बोलणार नाही, असं त्यांनी कबूल केलं. हे सगळं लेकीला जसंच्या तसं सांगितलं.

संगमावर पण जाऊन आलो. मी दगडावर बसले, ती मागून यायची. आधी काहीच आवाज नाही. मग एकदा एवढ्या मोठ्यानं आला की पलीकडच्या काठावरच्या एका आजोबांनी ओ दिली. ती हसली. मी आधी हसले नाही हं, सर.

हळदपेठ

आजोबांना संघाचा व्यवस्थापक करा.

चुनापट्टी

विषयाशी थोडं सोडून. सामना मातीवर आहे की मॅटवर? आता वरच्या पातळीवर सगळं मॅटवर गेलंय आणि आपल्या शाळांची पोरं मातीवर सराव करतात. २०१९ च्या पुरानंतर नदीकडच्या मैदानांवर गाळ बसला होता तो निघता निघत नव्हता. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, मुलं-मुली दोन्ही संघांनी नेपाळला हरवून जिंकला. टीव्हीवर बघून आमच्या गल्लीतली पोरं जोरात खेळायला लागली, पण तसले सूर आमच्या मुरमावर मारायला गेली आणि गुडघे फोडून घेतले.

जुना खांब

मातीवर शिकलेल्याचे पाय घट्ट होतात, पण सूर मॅटवरच शिकावा. मुरमावर लहान मुलांना सूर शिकवूच नये. वाळूच्या हौदात शिकवा, नसेल तर भिजवून खणलेल्या मऊ मातीत.

आयुष्मती

ताई, सामना झाला का? कालपासून तीनदा धागा उघडून बघितला.

संथवाहिनी

झाला. हरलो, एका गुणानं.

सविस्तर लिहिते. सकाळी उठल्यावर मी काहीच विचारलं नाही. तिनं स्वतः बूट घातले, मग म्हणाली पोटात दुखतंय, मग म्हणाली चल. मैदानावर गर्दी होती. दोन्ही शाळांची मुलं, ढोल, पालक.

पहिल्यांदा आमचा पाठलाग होता. ती मधल्या चौकोनात बसली. तिला पहिला खो मिळाला, उठली, पळाली, पुढच्या मुलीला खो दिला. हात लागला, आवाज आला नाही. शिट्टी. मला वाटलं, संपलं. ती तिथंच उभी राहिली, सगळे बघतायत. शेजारच्या चौकोनातली मुलगी, जी सरावात हसली होती त्यांतलीच एक, बसल्या जागेवरून म्हणाली, "परत दे, मला ऐकू येतंय." तिनं दिला. लहान आवाजात, पण पंचांनी मानला. नंतरचे आम्हाला काठावर ऐकू आले.

त्या पाळीत आमचे सात गुण झाले. मग पळताना ती दुसऱ्या तुकडीत आत गेली आणि लवकर बाद झाली. खांबाजवळून गेली आणि समोरच्या मुलीनं सूर मारून टिपली. त्यांचे आठ. दुसऱ्या डावात आमचे पाच, म्हणजे एकूण बारा. त्यांना जिंकायला पाच हवे होते. आमची पहिली तुकडी गेली, तीन. मग ही आत गेली. तिच्याबरोबरच्या दोघी बाद झाल्या, आणि पाच झाले. वेळ शिल्लक होता, पण सामना तिथंच संपला. ही नाबाद होती. शिट्टी झाली ते तिला कळलंच नाही, ती दुसऱ्या खांबापर्यंत पळत गेली.

मुली रडल्या. हीपण रडली, पण घरी येताना गाडीवर मागं बसून एकच विचारत होती, "मी नाबाद होते तरी संपलं कसं?" आणि रात्री जेवताना, पोटभर जेवताना, "मी खांबाकडं गेलेच का?"

मिरजवाला

नाबाद! वा गं बाळा!

माणदेशी

साताऱ्याकडून कंदी पेढे. ही खरी वर्दी.

गावभाग

ज्या मुलीनं "परत दे" म्हटलं, तिचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं. तिला हे कुणीतरी सांगा.

स्पर्धापरीक्षा

छान वाटलं वाचून. म्हणजे शेवटी पाठवणंच बरोबर होतं.

द्राक्षबाग

नाही, असं नका म्हणू. मी आनंदानं वाचलं सगळं, मुलीला माझा आशीर्वाद. पण ती शनिवारी सकाळी नको म्हणाली असती आणि ताईंनी तिला घरी ठेवलं असतं, तरी ते तेवढंच बरोबर ठरलं असतं. तिला जाता आलं, कारण नाही म्हणायची सोय होती. माझ्या पोराला ती सोय कुणी दिली नव्हती.

मिरजवाला

द्राक्षबाग, तुमचं अर्धं पटतं. सोय हवीच. पण सगळे नुसते "नको तर नको" म्हणून थांबले असते तर ओरडण्याचं कुणाला कळलंच नसतं. सासूबाईंच्या मायेला हात जोडतो, पण त्या मायेत ती पुढच्या वर्षीही बाटल्यांपाशीच बसली असती.

आयुष्मती

ताई, तुम्हालाच विचारते. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतं, ढकलायचं तर कुठवर. आता काय वाटतं?

संथवाहिनी

कारण कळेपर्यंत मी तिच्या मागं लागले, ते पुन्हा लागेन. कारण कळल्यावर तिला तयारी करून दिली. मैदानात पाऊल टाकायचं तिच्यावर सोडलं. तिच्या बाबांना अजून वाटतं की मी उगाच एवढं लांबवलं, सासूबाईंना वाटतं की पोरीला दमवलं. असू दे.

पुढच्या वर्षी खेळणार का, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, "बघू." मी त्यावर काही बोलले नाही. पण एक मदत हवीय, जुना खांब सर. तिला खांबाजवळ कसं पळायचं ते शिकायचंय. मैदानावरच्या पोरांना तिनं खांब करून उभं केलंय आणि मी बघत बसते, मला त्यातलं काही कळत नाही.

जुना खांब

सांगतो. पाठलाग करणारी खांबाकडं तोंड करून येत असेल तेव्हा खांबाच्या रेषेपासून लांब राहायचं, तिचा हात आणि पूर्ण अंग मिळून जेवढं पोचेल त्याच्या बाहेर. मोठा अर्धगोल घेऊन वळायचं, खांबाला चिकटून नाही. आणि नजर तिच्या चेहऱ्यावर नको, कमरेवर ठेवायची. चेहरा हूल देतो, कंबर देत नाही. कंबर खाली गेली की सूर येणार, त्याच क्षणी बाहेरच्या बाजूला उडी.

पण पोरांना खांब करू नका, कुणाचातरी दात पडेल. मैदानात दोन बांबू पुरून घ्या, साधारण छातीएवढे उंच, वरचं टोक तासून गुळगुळीत करा आणि त्यावर कापड गुंडाळा. पुढच्या रविवारी मी नातवाला भेटायला सांगलीला येतोय. पाचच्या सुमारास मैदानावर येईन. तिला सांगा, बूट घट्ट बांधून ठेव.